कलम बांधायची मुभा

उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजची मुलं प्रोजेक्टसाठी देवगडला माझ्याकडे येतात. त्यांच्यातलं कोणी ना कोणी दरवर्षी विचारतंच, "काका, प्रोग्रॅमिंगची एखादी भाषा एकाच कंपनीच्या ताब्यात असेल, तर ती ओपन सोर्स करायला हवी का? पैसे कंपनीने घातले, माणसं तिची राबली. मग मागणारे आपण कोण?" दरवेळी चहा संपतो आणि उत्तर अर्धं राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो.

हो, करायला हवी, म्हणजे तिचा सोर्स, ती ज्यातून बनली तो मूळ कोड, कोणालाही वाचता-बदलता येईल असा खुला करायला हवा. आणि भाषा भरात असतानाच करायला हवी, कंपनीचं मन उडाल्यावर नव्हे.

मागणारे आपण कोण, हे मला २०१३ च्या एप्रिलात कळलं. नव्वदच्या दशकात मी इथल्या एका आंबा व्यापाऱ्याला पट्टीचा प्रोग्रॅम लिहून दिला होता. बागायतदारांच्या पेट्या गोळा करायच्या, वाशीला पाठवायच्या, विक्री झाली की प्रत्येकाची पट्टी काढायची. पाच डझनी किती, सहा डझनी किती, दर काय, त्यातून आडत, हमाली, गाडीभाडं आणि आधी घेतलेली उचल वजा. प्रोग्रॅम क्लिपर नावाच्या भाषेत होता. त्या एप्रिलात ऐन हंगामात व्यापाऱ्याचा फोन आला, "वायच ये रे. नवीन मशीन घेतलंय, पण पट्टीचो प्रोग्रॅम चालणा नाय."

चालणार नव्हताच. क्लिपरने बनवलेला प्रोग्रॅम डॉस या जुन्या सिस्टीमचा, १६ बिटी, आणि नवी सिस्टीम ६४ बिटी, तिला १६ बिटी चालत नाही. जुनं मशीन गंजून गेलेलं. खारी हवा इथे कॉम्प्युटरला फार वर्षं टिकू देत नाही. अंगणात पेट्या रचलेल्या, बागायतदार पायरीवर बसून, आणि मी पडद्याकडे बघतोय.

डेटा सुखरूप होता. क्लिपर डेटा ठेवतं ती डीबीएफ फाईल कुठेही उघडते. माझा कोडही होता, साध्या मजकुराच्या फायलींत. नव्हता तो त्या कोडाचा चालता प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर. क्लिपर आणलं नॅनटकेट कंपनीने, १९८५ मध्ये. १९९२ मध्ये ती कंपनी कॉम्प्युटर असोसिएट्सने घेतली. पुढे त्या दशकाच्या मध्यानंतर क्लिपर वाढलंच नाही. बाजार विंडोजकडे वळला होता. कंपनीचा हिशोब म्हणून त्यात चूक काही नाही. पण जगभर क्लिपरमध्ये लिहिलेल्या कोडात लोकांचा व्यवहार साठलेला होता, तो कंपनीच्या हिशोबात कुठेच धरलेला नव्हता.

सगळं नव्याने लिहायचं म्हटलं तरी सोपं नव्हतं. डागी आंबा वजा करून मग आडत धरायची की आधी, हे बागायतदारागणिक वेगळं होतं. कोणाशी काय ठरलंय ते व्यापाऱ्याच्या वडलांना माहीत होतं, आणि ते आता नव्हते. तो सगळा शब्द माझ्या कोडातल्या अटींच्या ओळींत उरला होता.

मला वाचवलं हार्बरने. १९९९ पासून काही प्रोग्रॅमरांनी मिळून क्लिपरशी जुळणारा एक खुला कंपायलर उभा केला आहे. तो विंडोजवर चालतो, लिनक्सवर चालतो. माझ्या फायली त्याला दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टी निघाली. वर्ष २००० जवळ आलं तेव्हा दोन आकडी वर्षासाठी मी 'सेट ईपॉक' अशी एक ओळ घातली होती, तीसुद्धा त्याने बिनबोभाट ओळखली. प्रिंटरच्या मार्जिनशी तेवढं झगडावं लागलं.

हार्बरवाल्यांना मात्र क्लिपरचा सोर्स मिळालेला नव्हता. कलम मिळालं नाही, म्हणून त्यांनी कोय पेरून झाड वाढवलं. कोकणात कोणालाही विचारा, कोयीच्या झाडाला मूळ झाडाचीच चव येईल याची खात्री नाही. ती यावी म्हणून या माणसांनी एकेक फंक्शन मूळ क्लिपरशी ताडून बघितलं. सोर्स हाती असता तर ही वर्षं वाचली असती.

खुल्या सोर्सची प्रत घेऊन ती आपली आपण वाढवायची, याला फोर्क म्हणतात. ते मी मुलांना कलम म्हणूनच सांगतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूची वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही वाणं दिली. त्यांची कलमं आज गावोगावच्या नर्सऱ्यांत बांधली जातात. केंद्राचं नाव वाणाला कायम आहे, आणि मूळ झाड उद्या वादळात पडलं तरी वाण जाणार नाही.

क्लिपरच्याच जातीच्या फॉक्सप्रो भाषेचं तसं झालं नाही. मायक्रोसॉफ्टने ते १९९२ मध्ये विकत घेतलं आणि २००७ च्या मार्चमध्ये जाहीर केलं की नववी आवृत्ती शेवटची. स्पॅनिश बोलणाऱ्या प्रोग्रॅमरांनी सह्यांची मोहीम काढली. भाषा पुढे न्या, नाहीतर आमच्या हाती द्या, एवढंच मागणं. जोडीची काही साधनं खुली झाली, मूळ इंजिन नाही. २०१५ च्या जानेवारीत उरलासुरला सपोर्टही संपला.

आता उलट बाजू, कारण तीही खरी आहे. जावा ही सन कंपनीची भाषा. ती खुली केली की जो तो आपापली जावा करील, ही सनची भीती उगाच नव्हती. १९९७ मध्ये याच कारणावरून सनने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला होता. तरीही २००६ च्या नोव्हेंबरात सनने जावा जीपीएल या खुल्या परवान्याखाली द्यायचं जाहीर केलं, आणि जावाची शकलं झाली नाहीत. २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली. पुढे ओरॅकलने आपल्या जेडीकेच्या, म्हणजे जावाच्या साधनसंचाच्या, वापराचे नियम आणि पैसे बदलले, तेव्हा लोकांना दुसरी वाट होती. ओपनजेडीके या जावाच्या खुल्या सोर्सवरून ॲमेझॉनने कोरेटो नावाचा आपला संच काढला, इतरांनी आपापली बांधणी केली. नाव ओरॅकलचंच राहिलं, झाड सगळ्यांच्या अंगणात.

उशीर का नको, तेही जावानेच दाखवलं. २००७ मध्ये सोर्स बाहेर आला तेव्हा फाँट, आवाज, ग्राफिक्स यांचे काही तुकडे सनला देताच येईनात, कारण ते तिसऱ्याच कंपन्यांचे होते. रेड हॅटच्या लोकांनी आइस्डटी नावाचा प्रकल्प काढून ती भोकं बुजवली. जिवंत भाषेची ही गत, तर वीस वर्षं कपाटात पडलेल्या भाषेत कोणाचं काय अडकलंय हे सांगणारा माणूस तरी कुठून आणायचा?

आणि नुसता सोर्स पुरत नाही. तुमचा कंपायलर खरा की खोटा हे ठरवणाऱ्या चाचण्याही मिळाल्या पाहिजेत. अपाचे या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेने हार्मनी नावाची स्वतंत्र जावा बांधली होती. चाचणीसंच बंधनांशिवाय मिळेना, आणि २०१० च्या डिसेंबरात अपाचे जावाच्या कार्यकारी समितीतून बाहेर पडलं. म्हणून "आमची भाषा खुली आहे" असं कोणी म्हणालं की मी आधी चाचण्या कुठे आहेत ते बघतो.

रस्ट या भाषेचं माझ्या मनासारखं झालं. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाच्या पंखाखाली वाढलं, पण आधीपासून खुलं. २०२० मध्ये मोझिलाने मोठी नोकरकपात केली, त्यात रस्टवर काम करणारी माणसंही गेली. २०२१ च्या फेब्रुवारीत रस्ट फाउंडेशन उभं राहिलं आणि भाषा पुढे चालत राहिली.

कंपनीने नाव ठेवावं, सल्ला विकावा, पुढच्या आवृत्तीत काय घालायचं ते ठरवावं. माझी त्याला हरकत नाही. कलम बांधायची मुभा तेवढी परत घेता येणार नाही अशी लिहून द्यावी.

परवा त्या व्यापाऱ्याच्या मुलीने पट्टीवर एक नवी ओळ मागितली. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, नोंदणी केलेल्या बागायतदाराचा क्रमांक तिला पट्टीवर छापायचा होता. मी तीच जुनी फाईल उघडली, ओळ घातली, कंपाइल केली. वाशीची गाडी सुटायच्या आत सगळ्या पट्ट्या छापून झाल्या होत्या.