तापलेला रस्ता, तापलेला टायर

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीकडे सरकू लागला की दुचाकीस्वारांच्या गप्पांत एक विधान हमखास ऐकू येते: रस्ता तापलेला आहे, म्हणजे टायरला पकड उत्तमच मिळणार. हे विधान अर्धेच खरे आहे. पकड ठरवण्यात रस्त्याच्या तापमानाचा हात असतो, पण अखेरचा शब्द टायरच्या रबराच्या तापमानाचा असतो, आणि घाटातल्या टायरला जे तापमान मानवते त्यावर शर्यतीच्या ट्रॅकसाठी बनवलेल्या टायरचे काम सुरूसुद्धा होत नाही.

रबर दोन प्रकारे रस्ता धरते. एक म्हणजे ते डांबरातल्या खडीच्या कंगोऱ्यांवर दाबले जाऊन त्यांचा आकार घेते आणि पूर्ववत होताना थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावते; दुसरे म्हणजे पृष्ठभागाला अगदी जवळून भिडल्यावर त्याचे रेणू तात्पुरते चिकटतात आणि सुटतात. रबर थंड असेल तर ते ताठ राहते आणि खडीच्या फटींत उतरतच नाही. ते प्रमाणाबाहेर तापले तर इतके मऊ पडते की ताण सहन करण्याऐवजी त्याचा वरचा थरच फाटू लागतो. या दोन टोकांच्या मधला पट्टा हाच त्या टायरचा कामाचा पट्टा. ट्रॅकसाठी बनवलेल्या रबराचा हा पट्टा साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, तर रस्त्यावरच्या स्पोर्ट टायरला त्याहून बऱ्याच कमी तापमानालाच चांगली पकड मिळावी अशा बेताने त्याचे रबर तयार केलेले असते.

म्हणूनच रोजच्या गाडीला ट्रॅकचे टायर चढवून ताम्हिणीला जाण्याची जी हौस अलीकडे दिसते, ती मला पटत नाही. डिसेंबरच्या सकाळी चांदणी चौकातून निघून पौड, मुळशी करत जाताना बराचसा रस्ता सरळ असतो, त्यामुळे टायरचा फक्त मधला पट्टा तापतो आणि कडा तुलनेने थंडच राहतात. मग घाटाच्या पहिल्या जोरदार वळणावर गाडी झुकते ती नेमकी त्या थंड कडेवर. हा धोका जागतिक दर्जाच्या स्वारांनाही चुकलेला नाही. जर्मनीतल्या झाक्सेनरिंग ट्रॅकवर डावी वळणे १० आणि उजवी केवळ ३ आहेत, आणि डाव्या वळणांच्या लांबलचक मालिकेनंतर येणारे अकरावे, उताराचे उजवे वळण टायरची उजवी बाजू थंड पडल्यामुळे पडणाऱ्यांसाठी कुप्रसिद्ध आहे. जाता जाता, टायर तापवण्यासाठी नागमोडी गाडी चालवण्याचा जो प्रकार सिग्नलपासूनच सुरू होतो, त्याने फारसे काही साधत नाही. टायर आतून तापतो तो त्याचा सांगाडा प्रत्येक फेरीत दबल्याने आणि वाकल्याने, आणि त्यासाठी सरळ रस्त्यावर ठाम वेग घेणे आणि ठाम ब्रेक लावणे अधिक उपयोगी पडते.

उन्हाळ्यात रस्त्याची बाजूही पूर्णपणे निर्दोष नसते. दुपारी डांबराचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो आणि ज्या ठिकाणी डांबराचे प्रमाण जास्त झालेले असते तिथे ते पाघळून वर येते. चाकांच्या माऱ्याने खडी त्याखाली बुडते आणि काळे, चकाकणारे पट्टे तयार होतात. अशा पट्ट्यावर रबर कितीही योग्य तापमानाला असले तरी त्याला रुतायला खडीच उरलेली नसते.

हवेच्या दाबाबाबत मात्र सर्वांत जास्त गोंधळ असतो. पहाटे २५ अंशांना ३० पीएसआय भरलेल्या टायरमधली हवा ६५ अंशांपर्यंत तापली तर दाब साधारण ३६ होतो, आणि यात बिघाड काहीच नसतो. कंपनीने सांगितलेला आकडा थंड टायरचा असतो. भर दुपारी पेट्रोल पंपावर वाढलेला दाब पाहून हवा कमी केली की टायर थंड झाल्यावर ती कमीच पडते, टायर जास्त वाकतो, अधिक तापतो, आणि महामार्गावर भरलेली गाडी वेगात असताना टायर फुटण्यामागे हे एक मोठे कारण असते. ट्रॅकवर याच्या उलट, सत्र संपवून गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्याच्या जागेत, येताच गरम टायरचा दाब मोजून त्याप्रमाणे तो लावतात, कारण तिथे टायर त्याच अवस्थेत राबणार असतो. हवेऐवजी नायट्रोजन भरल्याने हे गणित बदलत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोरडेपणा, म्हणजे त्यात बाष्प नसणे, हा त्याचा खरा फायदा.

ट्रॅकवर टायर काय म्हणतो आहे ते त्याच्या पृष्ठभागावर वाचता येते. खरखरीत, बारीक गुंडाळ्या झालेला पृष्ठभाग बहुधा सांगतो की रबर पुरेसे तापण्याआधीच त्याला घसरवले गेले. उलट भाजलेल्या पापडावर उठावेत तसे फोड दिसले, तर आतला थर भलताच तापलेला असतो. हाताने चाचपून अंदाज घेणारे पुष्कळ आहेत, पण हात फक्त वरची कातडी सांगतो आणि ती पिटमध्ये येईपर्यंत निवूही लागते. भारतातल्या उन्हात कधी कधी टायरच्या आधी माणूसच हरतो, हा भाग वेगळा: सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झालेली मोटोजीपी या जागतिक मोटारसायकल स्पर्धेची मुख्य शर्यत उष्णतेमुळे २४ वरून २१ फेऱ्यांवर आणावी लागली होती.

ट्रॅकवर गाडी चालवण्यासाठी पुण्यातले अनेक हौशी स्वार कोइंबतूर किंवा चेन्नईची वाट धरतात, आणि तिकडून परतलेले, खोबण शाबूत दिसणारे टायर पुढे स्वस्तात विकले जातात. असे टायर घेताना केवळ खोबणीची खोली पाहून भागत नाही. पूर्ण तापून पूर्ण निवण्याच्या प्रत्येक आवर्तनात रबर थोडे कडक होत जाते, आणि दिसायला नवा असलेला टायर पकडीच्या दृष्टीने म्हातारा झालेला असू शकतो. बाजूच्या भिंतीवरचे चार अंक आधी वाचावेत. २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. त्यानंतर कडेच्या रबरात नख रुतवून पाहावे आणि ते अजिबात दबत नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी तो टायर घाटासाठी घेऊ नये.