आईच्या पाठीतल्या तारा
आज आईचा एक्स-रे झाला. पायाचं दुखणं कमी व्हावं म्हणून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बसवलेल्या, सौम्य विजेचे स्पंद देणाऱ्या दोन्ही तारा जागेवर आहेत! डॉक्टरांनी नीट समजावलं: तारा स्नायूंवरच्या चिवट पडद्याला टाक्यांनी बांधल्यात, ताण बसू नये म्हणून आत एक सैल वेढाही ठेवलाय. पण खरी पकड भोवतीचा व्रण घट्ट झाल्यावरच येते, साधारण ६ ते ८ आठवड्यांनी. तोवर वाकणं, कंबरेतून वळणं, हात डोक्यावर नेणं, जड उचलणं बंद. तार थोडी सरकली तरी त्या विजेच्या मुंग्या पायाऐवजी बरगडीत यायच्या आणि पायाचं दुखणं तसंच राहायचं.
फळीवरचे डबे मी ओट्यावर आणलेत, वेणीही मीच घालते. दुसऱ्याकडून करून घेणं तिला फार जड जातं. भेटायला येणाऱ्यांनो, कृपा करून तिला पाया पडायला, उठून चहा करायला लावू नका.