कोल्हापूर–करूळ घाट–सावंतवाडी–आंबोली–कोल्हापूर: जुन्या हायब्रिड एसयूव्हीची बॅटरी आणि ॲव्हरेज

शहरातल्या शहरात फिरून हायब्रिड बॅटरीची तब्येत कळत नाही. दसरा चौक ते रंकाळा कितीही चकरा मारा, पडद्यावरच्या चार्जच्या पट्ट्या मध्यावरच राहतात, कारण गाडीचा कॉम्प्युटरच त्यांना तिथे धरून ठेवतो. बॅटरीला पूर्ण भरायला आणि बऱ्यापैकी रिकामं व्हायला लावायचं तर एक लांब उतार आणि एक लांब चढ हवा. कोल्हापूरकरांना दोन्ही एका दिवसात मिळतात: गगनबावड्याहून करूळ घाट उतरायचा, तळेऱ्याला महामार्ग धरून कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, मग आंबोली चढून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणीमार्गे परत. सगळा फेरा सुमारे तीनशे किलोमीटर.

गाड्या दोन होत्या. एक लेक्सस एनएक्स ३००एच, म्हणजे स्ट्राँग हायब्रिड (नुसत्या मोटरवरही चालू शकणारी), २.५ लिटर पेट्रोल इंजिन आणि निकेल मेटल हायड्राइड बॅटरी. दुसरी मारुतीची एस-क्रॉस डिझेल एसएचव्हीएस, म्हणजे माइल्ड हायब्रिड (मोटर इंजिनला फक्त मदत करते). नाव दोघींचं हायब्रिड असलं तरी दुखणी पार वेगळी, म्हणून एस-क्रॉसचं शेवटी वेगळं लिहिलं आहे.

निघायच्या दिवशी पहिलं काम बारा व्होल्टच्या साध्या बॅटरीचं. डॅशबोर्डवर दिव्यांची दिवाळी झाली की लोक थेट मोठ्या बॅटरीचा दर विचारायला लागतात. स्ट्राँग हायब्रिडमध्ये बारा व्होल्टची बॅटरी इंजिन फिरवत नाही, ती फक्त कॉम्प्युटर जागे करते आणि मोठ्या बॅटरीचे रिले, म्हणजे जोडणीचे स्विच, ओढते. ती खाली गेली की कॉम्प्युटर अर्धवट जागे होतात आणि ब्रेक, स्टिअरिंग, हायब्रिड असे सगळेच इशारे एकदम देतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी मल्टिमीटर लावा. बॅटरी डिकीत असली तरी बॉनेटखाली जंपस्टार्टचं टर्मिनल असतं, तिथे मोजता येतं. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. मग गाडी रेडीमध्ये, म्हणजे चालायला तयार अवस्थेत, न आणता फक्त ऑन करून हेडलाइट पाच मिनिटं लावा. आकडा भराभर घसरून साडेअकराच्या खाली गेला तर बॅटरी बदला. शेवटी रेडीमध्ये आणून पुन्हा मोजा, १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. या गाडीला अल्टरनेटर नाही, मोठ्या बॅटरीतून डीसी-डीसी कन्व्हर्टर ही बॅटरी भरतो. आकडा वर चढलाच नाही तर दोष कन्व्हर्टरकडे शोधायचा, नवी बॅटरी घालून उपयोग नाही.

नवी घेताना एजीएमच (ॲसिड काचतंतूंच्या गादीत धरून ठेवणारी सीलबंद बॅटरी) घ्या आणि वायू बाहेर नेणारी बारीक नळी परत जोडायला विसरू नका. बॅटरी डिकीत, म्हणजे माणसं बसतात त्याच हवेत असते. साधी लेड-ॲसिड बसवली तर तिचा वायू आत कोंडतो. आणि आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याचा ट्रॅक्टर किंवा बोलेरो जंपस्टार्ट करून द्यायची माणुसकी दाखवू नका. तेवढा करंट द्यायला ही वायरिंग आणि फ्यूज बनलेलेच नाहीत.

सोबत घ्यायचं सामान थोडंच: मल्टिमीटर, ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावून मोबाइलवर माहिती देणारं), मोबाइलवर हायब्रिडचे ब्लॉक दाखवणारं ॲप (डॉ. प्रियस किंवा हायब्रिड असिस्टंट चालतं), टायरचा गेज, मऊ ब्रश.

फुलेवाडी, बालिंगा, कळे करत गगनबावडा साधारण पंचावन्न किलोमीटर. कारखाने सुरू असले की दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरमागे तास जातो. पेट्रोलवाल्याची चिडचिड होते, हायब्रिडचं ॲव्हरेज मात्र इथेच सुधारतं, कारण वीस-तीसच्या वेगाला गाडी बराच वेळ मोटरवर चालते. एकच सवय मोडा: अडकलं की गिअर न्यूट्रलला टाकायची. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असलं तरी मोठी बॅटरी भरत नाही आणि एसी तिला खात राहतो. थांबायचं तर डी मध्ये ब्रेक दाबून, जास्त वेळ असेल तर पी मध्ये.

घाटाआधी गगनबावड्यात चौकशी करा. करूळ घाटात दरडी आणि रस्त्याच्या कामांमुळे वाहतूक अधूनमधून बंद असते, तेव्हा भुईबावडा घाटाने उतरावं लागतं. तो अरुंद आहे, पण बॅटरीच्या तपासणीला दोन्ही सारखेच.

आता मुख्य गोष्ट. एनएक्सची मोठी बॅटरी २४४.८ व्होल्टची, आत ७.२ व्होल्टची ३४ मॉड्यूल, प्रत्येक मॉड्यूलमध्ये १.२ व्होल्टचे सहा सेल. कॅम्री हायब्रिडच्या निकेल बॅटरीचा हिशेबही हाच. क्षमता साडेसहा अँपिअर-अवर, म्हणजे सगळी मिळून १.६ युनिट. त्यातही कॉम्प्युटर साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मधलाच भाग वापरू देतो, म्हणजे हातात राहतं जेमतेम पाऊण युनिटाच्याही आत. माणसं-सामान धरून दोन टनांची गाडी पाचशे मीटर खाली उतरली तर पावणेतीन युनिट ऊर्जा मोकळी होते. थोडी वाऱ्यात आणि टायरमध्ये जाते, बाकीची कुठे साठवणार? म्हणून अर्धा घाट उतरायच्या आतच चांगली बॅटरीही भरते. पुढे गाडी स्वतःहून इंजिन फिरवून ऊर्जा घालवते, उतारावरच घों-घों असा मोठा आवाज येतो. हा बिघाड नाही. बॅटरी भरल्यावर एस मध्ये टाकून खालचा गिअर लावा (ज्या हायब्रिडला बी असतं तिथे बी), म्हणजे इंजिन गाडी रोखून धरतं, नाहीतर सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. सुरुवातीपासून ते लावू नका, कारण त्यात इंजिनही फिरतं आणि भरता आली असती अशी काही वीज फुकट जाते.

बॅटरी भरायला किती अंतर लागलं, हीच परीक्षा. मध्यावरच्या पट्ट्या एक-दोन वळणांतच टोकाला गेल्या आणि खाली सपाटीवर दोन-तीन किलोमीटरांत पुन्हा तळाला आल्या, तर बॅटरीत जागा उरलेली नाही. भांडं लहान झालं की भरतंही लवकर आणि रिकामंही लवकर होतं. चढउतार नसताना सपाटीवरच पट्ट्या अचानक उड्या मारत असतील तर क्षमता गेलेली समजा, डॅशबोर्डवरचा धोक्याचा लाल त्रिकोण अजून लागलेला नसला तरी. एनएक्सच्या पट्ट्या घाटाच्या मध्यापर्यंत शांतपणे चढल्या आणि वैभववाडीपुढेही टिकल्या.

ॲपमध्ये मॉड्यूल जोडीजोडीने दिसतात, दोघांचा एक ब्लॉक, असे १७. प्रत्येक ब्लॉक १४.४ व्होल्टचा, चालत्या गाडीत तो पंधरा-सोळाच्या आसपास फिरतो. आकडा किती यापेक्षा सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या ब्लॉकमधला फरक पाहा. सपाटीवर हलक्या पायाने ०.२-०.३ चा फरक काळजीचा नाही. चढावर जोर दिला की तो थोडा वाढणारच. पण एकच ब्लॉक दर वेळी सगळ्यांच्या १.२ व्होल्ट खाली असेल, भरतानाही आणि उतरतानाही, तर त्यातला एक सेल मेला आहे. १.२ म्हणजे बरोबर एका सेलचा व्होल्टेज. असा ब्लॉक सापडला की मोठी बॅटरी बदला असं सांगणारा पी०ए८० कोड आज नाही तर उद्या येणारच.

तळेऱ्यापासून कोकणाचा उकाडा सुरू. निकेल बॅटरीला उष्णता मारते, आणि ती थंड करणारा पंखा हवा घेतो गाडीच्या आतून, मागच्या सीटच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून. मागे पिशव्या, चटया, आंब्याची पेटी कोंबली की जाळी बंद. मागे कोणी नसलं तरी एसीची हवा मागे जाऊ द्या. कणकवलीच्या पुढे थांबून ॲपवर तापमान पाहिलं तर मधल्या सेन्सरचा आकडा कडेच्यांपेक्षा बराच वर होता आणि पंखा पूर्ण वेगाने ओरडत होता. जाळी काढली तर आत केसांचा आणि धुळीचा नमद्यासारखा थर. ब्रशने झाडून जाळी परत लावली, सावंतवाडीपर्यंत पंख्याचा आवाज निम्म्यावर आला. हे काम घरी नीट करायचं: क्लिपा सोडवून डक्ट काढायचा, पंख्याची पाती ब्रशने एकेक साफ करायची, सुटलेली धूळ व्हॅक्यूमने ओढायची. कॉम्प्रेसरची हवा आत मारू नका, धूळ मॉड्यूलांच्या फटीत जाऊन बसते.

थांबल्या थांबल्या इन्व्हर्टरचं (बॅटरीची वीज मोटरजोगी करणाऱ्या यंत्राचं) कूलंटही पाहा. त्याची टाकी इंजिनच्या टाकीहून वेगळी असते. गाडी रेडीमध्ये ठेवून झाकणातून बघितलं की द्रव खळबळताना दिसला पाहिजे. स्तब्ध असेल तर छोटा इलेक्ट्रिक पंप गेला. मग आंबोली चढायच्या भानगडीत पडू नका, इन्व्हर्टर थंड होत नसल्याचा पी०ए९३ कोड येऊन गाडी वळणातच जोर सोडेल.

आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटर, आणि सावंतवाडी जवळजवळ पायथ्याशीच. चढताना बॅटरी पहिल्या काही किलोमीटरांत तळाला जाते, मग सगळी ओढ इंजिनची. पाय दाबून ठेवला तर इंजिन चार हजारांवर किंचाळत राहतं. चाळीस-पंचेचाळीसचा एकसारखा वेग धरला तर तेच इंजिन निवांत चढतं. ॲव्हरेज इथे निम्म्यावर येतं, त्यात बॅटरीचा दोष नाही.

वाटेत लाल त्रिकोण लागलाच तर आधी कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा (दोष आला त्या क्षणी साठवलेल्या आकड्यांचा) स्क्रीनशॉट घ्या, मगच बारा व्होल्टचं टर्मिनल काढायचं की नाही ते ठरवा. टर्मिनल काढून दिवा घालवला की मेकॅनिकच्या हातात काही उरत नाही. ओढून न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेडच मागवा. चाकं रस्त्यावर फिरली की मोटर वीज तयार करते, आणि ई-फोर, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या, गाडीला मागच्या चाकांवरही मोटर असते. पेट्रोल संपवून बॅटरीवर सावंतवाडी गाठायचा प्रयोग तर करूच नका. निकेल बॅटरी पार तळाला गेली की साध्या चार्जरने परत येत नाही.

आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर हा पठारावरचा रस्ता ॲव्हरेज मोजायला उत्तम. पण टाकी ते टाकी मोजायचं तर सुरुवात आणि शेवट एकाच पंपावर, पहिल्या ऑटो-कटलाच. कोल्हापुरात भरून निघायचं आणि कोगनोळीला कर्नाटकातलं स्वस्त पेट्रोल टाकून हिशेब काढायचा, असा आकडा कामाचा नाही. दुसरं म्हणजे ई२०. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी. जिल्ह्यातल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच टाकीत येतंय, तेव्हा तेवढी घट बॅटरीच्या नावावर लिहू नका.

त्यापेक्षा जास्त पेट्रोल खाणारी गोष्ट म्हणजे चिकटलेले ब्रेक. हायब्रिडमध्ये वेग कमी करायचं बहुतेक काम मोटर करते, पॅड क्वचित लागतात, आणि पावसाळ्यानंतर कॅलिपरच्या पिना गंजून बसतात. महामार्गावर वीसएक किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा, थांबा आणि चारही रिमजवळ हात न्या किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर पिना काढून साफ करून सिलिकॉन ग्रीस लावायचं. टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी थंड असतानाच. घाट उतरून तापलेल्या टायरची हवा सोडू नका.

बॅटरी खरंच गेली असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात मॉड्यूल एकमेकांना जोडणाऱ्या तांब्याच्या बसबार पट्ट्या साफ करून देणारे, निकेल चढवून देणारे सापडतात, आणि कित्येकदा काळवंडलेल्या पट्ट्या हाच खरा दोष असतो. पण झाकण उघडायचं ते शिकलेल्यानेच: मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढून खिशात, उच्च व्होल्टेजसाठीचे क्लास शून्यचे रबरी हातमोजे, आणि इन्व्हर्टरचे कपॅसिटर उतरायला निदान दहा मिनिटं. पट्टीचे नट छोटे असतात, टॉर्क रेंचवर साधारण ५.४ न्यूटन-मीटर. हाताच्या अंदाजाने आवळले की मॉड्यूलचं टर्मिनल फिरतं आणि ते मॉड्यूल कायमचं बाद. एकच मॉड्यूल बदलून गाडी परत देणाऱ्याला विचारा, बाकीच्या ३३ ची क्षमता मोजली का? नवं आणि थकलेलं एका माळेत घातलं की काही महिन्यांत पुढचं थकलेलं डोकं वर काढतं. मॉड्यूल बाहेर काढून चार्ज करताना दोन्ही बाजूंनी दाबपट्ट्यांत घट्ट धरलेली हवीत, मोकळी फुगतात.

एस-क्रॉसचं थोडक्यात. हिच्यात मोठी बॅटरी नाहीच, बेल्टवरची आयएसजी मोटर (स्टार्टर आणि जनरेटर एकात) आणि मोठी लेड-ॲसिड बॅटरी एवढंच हायब्रिड. सिग्नलला इंजिन बंद होईना अशी तक्रार असेल तर क्रमाने बघा: बॉनेटचं लॉक, सीटबेल्ट, एसीचा जोर, इंजिन गरम झालंय का, आणि मग बॅटरी. स्वस्तातली साधी बॅटरी बसवली तर सतत बंद-चालूला ती लवकर दम टाकते, स्टार्ट-स्टॉपसाठी बनवलेली ईएफबी प्रकारचीच घ्या. ऋण टर्मिनलवर करंट सेन्सर असतो. चार्जरची काळी वायर त्या टर्मिनलवर न लावता बॉडीवर लावा, नाहीतर आत किती चार्ज गेला ते कॉम्प्युटरला कळतच नाही. नव्या बॅटरीनंतर गाडी कुलूप लावून काही तास उभी ठेवली की हिशेब जुळतो. थंड इंजिनवर बेल्ट किंचाळत असेल तर टेन्शनर आधी बघा, बेल्ट नंतर.

ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरची स्ट्राँग हायब्रिड वापरणाऱ्यांची बॅटरी लिथियमची, १७७.६ व्होल्टची. वॉरंटी असेपर्यंत तिला हात लावू नका, पण हवेची जाळी त्यांनाही आहे आणि धूळ त्यांच्याही गाडीत शिरते. दर सर्व्हिसला जाळी काढून दाखवायला सांगा, बिलावर नुसतं लिहून घेऊ नका.