बारीक मानेचा नकाशा

आज दुपारी दुसरीतल्या भाचीने नकाशातील पश्चिम बंगालमधल्या सिलिगुडीवर बोट टेकवून विचारले, “मामा, इथे भारत इतका बारीक का झालाय?” भूराजकीय व्यूहरचना वगैरे शब्द सात वर्षांच्या मुलीपुढे निरुपयोगी होते, म्हणून मी जमिनीवर उशा मांडल्या: एका बाजूला नेपाळ, दुसऱ्या बाजूला बांगलादेश, वर भूतान, आणि मधल्या बोळातून तिची खेळण्यातली आगगाडी आसामकडे निघाली. सर्वांत अरुंद ठिकाणी ही पट्टी जेमतेम २० ते २२ किलोमीटर रुंद आहे. १९४७ पूर्वी कोलकात्याहून आसामला जाणारी गाडी पूर्व बंगालमधूनच, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, धावत असे. फाळणीने ती वाट तोडली आणि १९५० पर्यंत या बोळातून नवा रेल्वेमार्ग घाईघाईने बांधावा लागला. वर तिबेटमधल्या चुंबी खोऱ्यात चीन बसला आहे, म्हणूनच २०१७ साली भूतानच्या सीमेवरील डोकलाम पठारावरच्या एका रस्त्यावरून भारत आणि चीनची सैन्ये दोन महिन्यांहून अधिक काळ समोरासमोर उभी राहिली, हेही मी सांगितले. पण तिथे माझे निरूपण जरा लांबलेच.

तिने जांभई दिली आणि बांगलादेशाची उशी किंचित सरकवत म्हणाली, “शेजारच्या काकूंना विचारून त्यांच्या अंगणातून जायचं ना!” बांगलादेशच्या चितगाव आणि मोंगला बंदरांतून ईशान्येकडे माल नेण्याचा २०१८ चा करार मी तिला अजून सांगितलाही नव्हता.