रक्तातलं सेरोटोनिन मोजून काय कळतं?

सेरोटोनिन, म्हणजे पेशींमधले निरोप पोचवणारं रसायन, रक्तात मोजून काय कळतं असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. माझ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त देऊन झालं की काहीजण उठताना आवाज खाली आणून विचारतात, "मॅडम, डिप्रेशनची गोळी चालू आहे. सेरोटोनिन किती आहे, ते यातच बघता का?"

मी नाही म्हणते. मागे एक गृहस्थ दुसऱ्या कुठल्या लॅबमधला मुलाचा रिपोर्ट घेऊन आले होते. मुलगा तीन महिने एस्सिटॅलोप्राम ही डिप्रेशनची गोळी घेत होता. झोप परत आली होती, कॉलेजला जायला लागला होता. रिपोर्टात मात्र सेरोटोनिन नॉर्मलच्या खूप खाली. "गोळ्यांनी उलट कमीच झालं की हो!" गोळ्या बंद करायचं घरात ठरत आलं होतं.

कमी झालंच होतं, आणि तेही गोळीमुळेच.

शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्याच्या अस्तरात तयार होतं. तिथून ते रक्तात उतरतं आणि प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या छोट्या पेशी, ते शोषून घेतात, कारण त्यांना स्वतःला ते बनवता येत नाही. या द्रव्याचा शोधही रक्तातच लागला. १९४८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या संशोधकांनी ते सीरममधून, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातून, वेगळं केलं. रक्तवाहिन्या आकुंचित करणारं सीरममधलं द्रव्य, म्हणून हे नाव. मेंदूत ते सापडलं १९५३ मध्ये. मेंदू आपलं सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या अन्नातून मिळणाऱ्या घटकापासून आपणच बनवतो. रक्तातलं तिथे शिरू शकत नाही.

दोन्हीकडे दार मात्र एकच: सेरोटोनिन आत ओढून घेणारं एक प्रथिन. गोळी तेच दार अडवते. मेंदूत त्यामुळे सेरोटोनिन दोन पेशींमधल्या फटीत जास्त वेळ रेंगाळतं. रक्तात प्लेटलेट्स रिकाम्या राहतात. त्यांचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं. नव्या जन्मतात त्याही भरत नाहीत, आणि काही आठवड्यांत रिपोर्टवरचा आकडा कोसळतो. तो आकडा वाचून मुलाच्या मनाचं काही सांगता येत नाही.

दार पहिल्या गोळीनंतर काही तासांतच अडतं, बरं वाटायला मात्र आठवडे लागतात. सुरुवातीला मेंदूतल्या पेशी वाढलेलं सेरोटोनिन ओळखून आपलं काम आवरतं घेतात. तो आवर हळूहळू सुटतो. म्हणून "सेरोटोनिन कमी, म्हणून डिप्रेशन" असं मी कुणालाच सांगत नाही. २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यातही त्याला ठोस पुरावा मिळाला नाही. पण २०१८ मध्ये ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा डिप्रेशनची २१ च्या २१ औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा, सरस ठरली होती. कारण नीट उलगडलं नाही म्हणून गुण खोटा ठरत नाही.

त्या गृहस्थांना मी हे सगळं कागदावर काढून दाखवलं. गोळी अचानक सोडली तर चक्कर, बेचैनी येऊ शकते, जे काही करायचं ते मनोविकारतज्ज्ञांना विचारूनच करा, असं विनवून सांगितलं. मग विचारलं, "मुलगा आणखी काही घेतो का?"

"कबड्डी खेळतो ना, गुडघा दुखला की मेडिकलमधून ब्रुफेन आणतो."

रिकाम्या प्लेटलेट्स जखमेवर रक्त थांबवायला कमी पडतात. त्यात ब्रुफेन किंवा ॲस्पिरिनची भर पडली की पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. मुलगा ब्रुफेन घेतो हे डॉक्टरांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्यांच्याच रिपोर्टच्या मागे मोठ्या अक्षरात 'ब्रुफेन' लिहून दिलं आणि आजच फोन करा म्हटलं.