वहीतली उतरती रेघ

सोमवार

कुत्र्याच्या ट्रेनिंगच्या वहीला फार काही लागत नाही. तारीख, वेळ, जागा, काय घेतलं, दहापैकी किती वेळा जमलं. आणि शेवटी एक रकाना: ‘आज काय वेगळं होतं?’ बहुतेक वह्यांत नेमका हाच रकाना नसतो, म्हणून बाकीच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

उदाहरणार्थ, ‘बस’ काल दहापैकी नऊ, आज चार. एवढंच लिहिलं तर वाटणार, कुत्रा विसरला किंवा हट्टाला पेटला. शेवटच्या रकान्यात ‘आज हातात खाऊ नव्हता’ असं असेल तर लगेच उलगडा होतो. कुत्र्याला ‘बस’ हा शब्द येतच नव्हता. तो हाताच्या मागे नाक नेत होता आणि नाक वर गेल्यामुळे बूड आपोआप खाली टेकत होतं.

आमिष दाखवून शिकवण्यात चूक काहीच नाही, पण ते वेळेवर काढून घ्यावं लागतं. खाऊचा तुकडा नाकाजवळ धरून हात सावकाश डोक्यावरून मागे न्यायचा, बूड टेकलं की तुकडा द्यायचा. असं तीन ते पाच वेळा. त्यानंतर हाताची हालचाल अगदी तीच ठेवायची पण हात रिकामा, आणि तुकडा कमरेच्या पिशवीतून काढून द्यायचा. हे जमलं की शब्द आणायचा: आधी ‘बस’, मग पूर्ण एक सेकंद गप्प, मग हाताची खूण. तो एक सेकंद फार मोलाचा आहे. शब्द आणि खूण एकदम दिली तर कुत्रा खूणच पाहतो आणि शब्द महिनाभर ऐकूनही त्याला काही सांगत नाही. तुकडा वाटाण्याएवढा पुरे, लहान जातीसाठी त्याच्या अर्धा. शक्यतो तो रोजच्या जेवणातूनच काढावा. वरचा खाऊ दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त होऊ देऊ नये.

मंगळवार

क्लिकर म्हणजे दाबल्यावर ‘टक’ वाजणारी छोटी डबी. तिचा आवाज म्हणजे ‘हेच हवं होतं, खाऊ येतोय’ हे वचन. केलर आणि मेरियन ब्रेलंड या जोडप्यानं 1940 च्या दशकात प्राण्यांच्या ट्रेनिंगमध्ये अशा आवाजाचा वापर सुरू केला, आणि आजही त्याचं मर्म तेच आहे: आवाज खाऊपेक्षा वेगानं पोचतो. बूड टेकल्याच्या क्षणी क्लिक झालं तर बसण्याचं बक्षीस. एक सेकंद उशीर झाला तर पुढचे पाय उचलले जात असतात, आणि मग बक्षीस मिळतं ते उठण्याला.

आणखी एक चूक डोळ्यांनी सहज दिसत नाही. क्लिक करण्याआधीच हात पिशवीकडे निघालेला असतो. कुत्र्याचे कान खांद्याच्या त्या हालचालीवर ताठ होतात आणि आवाजाला काही किंमत उरत नाही. मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण करून आवाज बंद ठेवून पाहावं: आधी काय हलतं, अंगठा की कोपर?

बुधवार

‘थांब’ बहुतेक ठिकाणी घाईमुळे बिघडतं. त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत: किती वेळ, किती अंतरावरून आणि आजूबाजूला किती गडबड. एका वेळी एकच वाढवायची, आणि ती वाढवताना बाकीच्या दोन मुद्दाम खाली आणायच्या. घरात तीस सेकंद थांबणारा कुत्रा मैदानात तीन सेकंद थांबला तर ती घसरण मानू नये. गडबड वाढली की वेळ कमी व्हायलाच हवा.

वेळ वाढवण्याचा क्रमही सरळ चढता नको. 2, 4, 3, 6, 2, 8, 5, 10 सेकंद असा खाली-वर ठेवावा. प्रत्येक वेळी आधीपेक्षा अवघड होत गेलं की कुत्रा ते ओळखतो आणि सत्राच्या शेवटी शेवटी उठायला लागतो. दहापैकी आठ किंवा जास्त जमले तर पुढची पायरी. सहा-सात असतील तर तिथेच. पाच किंवा कमी असतील तर त्याच दिवशी, त्याच मिनिटाला एक पायरी खाली यायचं. मला हा नियम सगळ्यांत न्याय्य वाटतो, कारण त्यात रागाला जागाच राहत नाही. आकडा सांगतो, आपण ऐकायचं.

बक्षीस कुत्र्यापाशी परत जाऊन, तो बसलेला असतानाच द्यायचं. ‘थांब’मधून दर वेळी हाक मारून बोलावलं तर तो हाकेची वाट बघत पुढच्या पायांवर भार टाकतो आणि एक दिवस हाकेआधीच निघतो. सोडण्याचा शब्द वेगळा आणि नेहमी तोच असावा. ‘शाब्बास’ हा सोडण्याचा शब्द नव्हे, तो आपल्या तोंडून दिवसभर येत असतो.

सहा ते अठरा महिन्यांचा, वयात येणारा कुत्रा या सगळ्यावर पाणी फिरवतो. चार महिन्यांचं असताना हाकेसरशी येणारं पिल्लू आठव्या महिन्यात मान वळवून बघतं आणि पुन्हा गवतात नाक घालतं. या काळात वहीतली रेघ खाली जाणारच. पायऱ्या लहान कराव्यात, दोरी पुन्हा लावावी आणि खाऊचा दर्जा वाढवावा. आवाज चढवून इथे काहीच मिळत नाही.

गुरुवार

हाकेबद्दल थोडक्यात. ‘ये’ म्हटल्यावर आला आणि लगेच पट्टा लागून घरी जावं लागलं, असं दहा वेळा झालं की शब्द नासतो. नखं कापायला, आंघोळीला, रागवायला त्या शब्दानं कधीही बोलवू नये, आपण उठून त्याच्याकडे जावं. मैदानात पाच वेळा बोलवावं, चार वेळा खाऊ देऊन पुन्हा खेळायला सोडावं. दहा मीटरची लांब दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला लावावी, गळपट्ट्याला नको, धावताना मानेला हिसका बसतो. शब्द एकदाच. तीनदा म्हटलं तर कुत्रा तिसऱ्या हाकेला यायचं हेच शिकतो. आणि शब्द पार नासलाच असेल तर तो सोडून द्यावा. नवा शब्द घरातल्या खोलीपासून शिकवणं जुना दुरुस्त करण्यापेक्षा सोपं जातं.

शुक्रवार

अ‍ॅजिलिटीची, म्हणजे कुत्र्यानं माणसाच्या खुणांवर अडथळे पार करण्याच्या खेळाची, सुरुवात 1978 साली लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात झाली, दोन कार्यक्रमांमधल्या रिकाम्या वेळात प्रेक्षकांची करमणूक म्हणून. कल्पना घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून घेतली होती. आजही बघणाऱ्याच्या डोळ्यांत उडी भरते आणि शिकवणारेही उडीपासूनच सुरुवात करतात. माझ्या मते ही या खेळातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा साधारण बारा ते अठरा महिन्यांत भरून येतात, मोठ्या जातींत आणखी उशिरा. तोवर उडीची दांडी जमिनीवर किंवा फार तर पायाच्या मनगटाच्या उंचीवर. पिल्लाला शिकवण्यासारखं तरी खूप आहे. मागचे पाय कुठे आहेत हे बहुतेक कुत्र्यांना ठाऊकच नसतं, पुढचे गेले की मागचे ओढले जातात. उपडं ठेवलेलं जड घमेलं घ्यावं, पुढचे दोन पाय त्यावर ठेवायला शिकवावेत, आणि मग आपण भोवती फिरत मागच्या पायांना गोल सरकायला लावावं. दोन्ही दिशांना पाव फेरी, मग अर्धी. एक दिशा नेहमी जड जाते. ती वहीत लिहून ठेवावी, कारण पुढे वळणांवर तीच बाजू दांडी पाडते. जमिनीवर सहा काठ्या ठेवून चालणं, लहानसा सरळ बोगदा, डुगडुगणारी फळी, खेळणं तोंडात असताना सोडणं: पहिलं वर्ष यातच छान जातं.

शनिवार

आजचा सगळा दिवस सी-सॉबद्दल, म्हणजे मध्यावर टेकवलेल्या आणि खाली-वर झुकणाऱ्या फळीबद्दल. अडथळ्यांमध्ये हा एकच असा आहे जो कुत्र्याच्या पायाखाली हलतो आणि शिवाय आवाज करतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत फळी सुमारे 3.6 ते 3.8 मीटर लांब आणि मध्यावर 60 सेंटिमीटर उंच असते. चढून मध्य ओलांडायचा, फळी खाली येईस्तोवर वर थांबायचं आणि टोक जमिनीला टेकल्यावरच रंगवलेल्या शेवटच्या पट्ट्यात पाय ठेवून उतरायचं.

हालचाल आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टींची भीती असते, म्हणून त्या वेगळ्या शिकवाव्यात. हालचालीसाठी पंधरा सेंटिमीटर उंचीची फळी घेऊन दोन्ही टोकांखाली जाड गादी घालावी, म्हणजे फळी हलेल पण वाजणार नाही. आवाजासाठी दुसऱ्या कोणीतरी पंधरा पावलांवरून फळी हलकेच आपटावी आणि आपटल्याबरोबर कुत्र्याच्या पुढ्यात खाऊ पडावा. आवाज आला की कुत्रा आपल्याकडे आनंदानं वळून बघतो का, हे पाहावं. बघत असेल तर दोन पावलं जवळ. दोन्ही नीट जमल्यावरच गादीची एकेक घडी कमी करत न्यायची. मग टोक हातानं पाच सेंटिमीटर वर उचलून धरायचं, कुत्र्यानं पुढचे पाय टाकून ते स्वतः खाली दाबायचं आणि तिथेच खाऊ खायचा. आवाज स्वतःच्या पायांनी केला की त्याची भीती झपाट्यानं उतरते. उंची सगळ्यांत शेवटी, दर वेळी दहा सेंटिमीटरनं.

इथे काय बिघडतं? बहुतेकदा डॉग वॉक नावाच्या दुसऱ्या अडथळ्यामुळे. तीही तशीच अरुंद फळी, पण न हलणारी. त्यावर सुसाट धावायला शिकलेला कुत्रा सी-सॉवरही तसाच धावतो, मध्य ओलांडून हवेतच उडी टाकतो किंवा फळी त्याच्याखालून निसटते. दोन्हींना अगदी वेगळे शब्द हवेत आणि ते फळीच्या तीन-चार पावलं आधी कानावर पडायला हवेत. हलक्या कुत्र्याची अडचण उलटी. त्याच्या वजनानं फळी सावकाश झुकते, म्हणून त्याला थेट टोकापर्यंत जाऊन थांबायला शिकवावं लागतं. मध्याजवळच थबकला तर सेकंद वाया जातात.

एकदा कुत्रा पडला किंवा दचकला की दोन महिन्यांची मेहनत एका दुपारी जाऊ शकते. भीती एका फटक्यात शिकली जाते, धीर तसा शिकता येत नाही. पण ती येताना दिसते, बघणारा असला तर. फळी दहा पावलांवर असतानाच कुत्रा जमिनीचा वास घ्यायला लागतो, तिथे वास घेण्यासारखं काही नसतानाही. जांभई देतो. जिभेचं टोक नाकावरून पटकन फिरवतो. कान मागे, शेपूट एका रेषेत कडक, आणि आपल्या पायांभोवती अर्धी फेरी मारून फळीच्या बाजूनं निघून जातो. याला ‘नाटकं करतोय’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि मग त्याला पट्ट्यानं ओढत वर चढवलं जातं. असं ओढलेलं पाहिलं की पोटात तुटतं. त्या कुत्र्यानं चार वेगवेगळ्या प्रकारे ‘मला जमणार नाही’ असं सांगितलेलं असतं. अशा वेळी त्या दिवसाचा सी-सॉ संपला. उद्या गादी परत.

वीव्ह पोल, म्हणजे कुत्र्यानं नागमोडी वळत पार करायची खांबांची रांग: बारा खांब, दोन खांबांत 60 सेंटिमीटर, आणि आत शिरताना पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी. दोन-दोन खांबांच्या जोड्या आधी तिरक्या लावून हळूहळू एका रेषेत आणण्याची पद्धत मला जास्त भावते, कारण तीत कुत्रा प्रवेश स्वतः शोधतो. घड्याळाच्या काट्यांसारखं वेगवेगळ्या कोनांतून सोडलं तर तो प्रवेश पक्का होतो. दहाव्या खांबापाशी बाहेर पडण्याची तक्रार मात्र नेहमीची आहे, आणि कारण बहुतेक वेळा खांबांत नसतं. बक्षीस हातातून मिळत असतं, म्हणून कुत्रा शेवटाकडे आल्यावर हाताकडे बघतो. किंवा हँडलर, म्हणजे कुत्र्याबरोबर पळणारा माणूस, दहाव्या खांबाशी स्वतःच पुढच्या उडीकडे वळतो आणि कुत्रा त्याच्या खांद्याचं ऐकतो. बाराव्या खांबाच्या पुढे, त्याच सरळ रेषेत खेळणं टाकावं आणि आपण तीन पावलं जास्त सरळ पळावं. एका सत्रात सहा ते आठ फेऱ्या पुष्कळ झाल्या, पाठीचा कणा दर खांबाला वळतो.

रविवार, सकाळ

पावलांबद्दल. धावता कुत्रा आपला शब्द ऐकण्याआधी आपली बोटं, गुडघे आणि खांदे वाचतो. उडी कशी घ्यायची हे तो दांडीच्या बऱ्याच आधी ठरवतो, म्हणून वळणाची खबर मागची उडी संपायच्या आत पोचावी लागते. कुत्र्याच्या पुढून बाजू बदलायची असेल तर तो हवेत जाण्याआधी आपलं वळणं पूर्ण झालेलं हवं. उशीर झाला की हवेतच मान वळते, मागचा पाय खाली येतो, दांडी पडते. आंतरराष्ट्रीय नियमांत तिचे पाच दोष. रंगीत पट्टा चुकला तर पाच, अडथळा नाकारला तर पाच, तिसऱ्यांदा नाकारला की बाद. चुकीचा अडथळा घेतला तर सरळ बाद. हे दोष कुत्र्याच्या नावावर लिहिले जातात. चित्रण सावकाश लावून पाहिलं की त्यांतले कितीतरी माणसाच्या उजव्या पायाचे निघतात. कुत्र्याविना मार्ग चालून पाहताना अडथळे पाठ करून भागत नाही. कुत्रा कुठे उतरेल आणि तेव्हा आपला पाय कुठे असेल, हे प्रत्येक वळणावर पायांनी मोजावं.

रविवार, संध्याकाळ

आज सराव नाही. आठवड्यात दोन दिवस तरी अडथळ्यांविना असावेत. झोप आणि रिकामा दिवस यांनंतर अडलेली गोष्ट पुष्कळदा आपसूक सुटलेली दिसते.

एक घसरण मात्र पायऱ्या लहान करून भरून निघत नाही. महिनोन्महिने स्वच्छ उड्या मारणारा कुत्रा अचानक दांड्या पाडायला लागला, उडीआधी एक छोटं जादाचं पाऊल टाकायला लागला, वीव्हमध्ये एकाच बाजूला कचरला किंवा ‘बस’ म्हटल्यावर एका कुल्ल्यावर कलून बसायला लागला, तर आधी पशुवैद्य. खांदा, पुढच्या पायाचं मनगट, मांडीच्या आतला कमरेशी जोडलेला स्नायू या नेहमीच्या जागा. लंगडणं फार उशिरा दिसतं. सरावाआधी पाच-दहा मिनिटं चालणं आणि हलकी दुडकी, नंतर तेवढंच शांत चालणं, आणि नखं इतकी आखूड की फरशीवर टकटक वाजू नयेत.

उद्याच्या पानावर आत्ताच रकाने आखून ठेवले आहेत. शेवटच्या रकान्यात पहिली नोंदही तयार आहे: गादी दोन घड्या, फळी 15 सेंटिमीटर, तीन वेळाच.