दगडाला हवा

मे महिन्यात दुपारी तीन वाजता नागपुरात करण्यासारखं काम एकच, कूलरसमोर आडवं होणं. मी पण झालो होतो. डोळा लागतो न लागतो तोच नजर टाकीकडे गेली आणि पाणी टेपच्या खाली उतरलेलं दिसलं. काचेवर मी काळ्या इन्सुलेशन टेपची एक बारीक पट्टी लावलीय, सकाळी पाणी बरोबर तिच्या वरच्या काठाला होतं, आता अर्धं बोट खाली. म्हणजे दीडेक लिटर पाणी सकाळपासून हवेत गेलं. आता उठणं आलं.

टाकी म्हणजे गच्चीवरची काळी टाकी नाही. ही काचेची, दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच, काठोकाठ भरली तर ८८ लिटर, आणि आत समुद्राचं पाणी. म्हणजे समुद्रातून आणलेलं नाही, आरओच्या पाण्यात मीठ कालवून घरीच केलेलं. लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास लागते, दगड आणि वाळूनं जागा अडवल्यावर पाणी सत्तर लिटर धरा, म्हणजे अडीच किलो मीठ झालं. स्वयंपाकाला आमच्याकडे एवढं मीठ दोन-तीन महिने पुरते. शेजारचे काका म्हणाले, दुकानातलं आयोडीनवालं टाका ना जी, कशाला खर्च करता. पण तसं जमत नाही, समुद्रात नुसतं मीठ थोडीच असते, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं काय काय असते, त्याचं तयार मिश्रण बादलीतून येते, आणि त्या बादलीची किंमत बायकोला माहीत नाही, आणि ती मी लिहिलेलं वाचत नाही, म्हणून इथे बिनधास्त लिहितोय.

तर पाणी उडते, मीठ उडत नाही. रोज कमी झालेल्या पाण्याच्या जागी साधं गोडं पाणी टाकायचं, खारं टाकलं तर समुद्र दिवसेंदिवस खारट होत जाणार. हे पुस्तकात वाचायची गरज नाही, नागपूरचा कोणताही पोट्टा कूलरच्या ताटीकडे बघून सांगेल. लहानपणी आमच्याकडे पत्र्याचा निळा कूलर होता. होळी झाली की बाबा तो गॅलरीत काढायचे, मोटरला तेल द्यायचे, खालच्या टाकीत डासांसाठी गप्पी मासे सोडायचे (माझं पहिलं ॲक्वेरियम तेच, फक्त बघायला जमिनीवर पालथं पडावं लागायचं आणि मग आईची बोलणी). गेल्या वर्षीच्या वाळ्याच्या ताटीवर बोअरच्या पाण्याची पांढरी खपली धरलेली असायची. बाबा ती पेचकसनं खरवडायचे. एकदा खाली पडलेली एक खपली उचलून मी जिभेवर ठेवली होती. खारट लागेल वाटलं होतं, तर खडूसारखी लागली, दातात कचकच. तेव्हा काही कळलं नाही, आता कळते की ती बहुतेक चुन्याचीच असणार, कॅल्शियम कार्बोनेट, आणि प्रवाळाचा सांगाडा पण तोच. प्रवाळ पाण्यातून चुना काढून घर बांधते, आमचा कूलर पण तेच करून राहिला होता, फक्त त्याला कोणी संरक्षण दिलं नाही.

संरक्षणावरून आठवलं. दगडी प्रवाळ आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, २००१ पासून. म्हणजे ज्या यादीत वाघ, त्याच यादीत. टायगर कॅपिटल म्हणवून घेणाऱ्या गावात राहून समुद्रातून उपटलेला प्रवाळाचा दगड घरात ठेवायचा म्हणजे दिवाणखान्यात पट्टेदार कातडं लटकवण्यासारखंच झालं. त्यामुळे माझा लाईव्ह रॉक, म्हणजे टाकीतला जिवंत दगड, समुद्रातला नाही. माणसानंच बनवलेला भोकाभोकाचा दगड, पण पुण्यातल्या एका पोराच्या टाकीत चार वर्षं राहून जिवंत झालेला. त्याची बदली झाली, टाकी मोडली, मी नऊ किलो उचलला. ओल्या पेपरात गुंडाळून, थर्माकोलच्या खोक्यात, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं. क्लीनरनं डिक्कीत टाकताना विचारलं, काय आहे यात एवढं जड? म्हटलं, दगड. त्यानं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. पुण्याहून नागपूरला दगड.

आता हा दगड जिवंत कसा, तर जिवंत दगड स्वतः नसतो, त्याच्या भोकांत राहणारे असतात. वरवर राहणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राईट करतात, दुसरे नायट्राईटचं नायट्रेट, आणि अगदी पोटात जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे बसलेले त्या नायट्रेटचा वायू करून सोडून देतात. थोडक्यात टाकीचा फिल्टर म्हणजे हाच दगड. पण बारा-चौदा तासांच्या प्रवासात यातले बरेच जीव मरतात आणि मग टाकीत ते सडतात, आणि इथेच माझी चूक झाली, मी घरात कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, उंदीर मेला वाटते कुठं. मी म्हटलं, हो का? तिसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडून गोदरेजचं कपाट ओढवलं. मग दिवाण. मग फ्रिज. फ्रिजच्या मागे पोरीचा हरवलेला कंपास सापडला, दोन रुपयांची तीन नाणी सापडली, उंदीर नाही. मी घामाघूम होऊन टाकीशेजारीच उभा, वास बरोबर माझ्या नाकाखालून येऊन राहिला आणि मी गंभीर चेहरा करून म्हणतोय की माळ्यावर असेल. चौथ्या दिवशी आईनं माळा काढायला लावल्यावर मात्र कबूल केलं. ती काही बोलली नाही. उदबत्ती आणली आणि सरळ टाकीपुढे लावली. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या अर्ध्या लोकांना तो देवच वाटतो.

मग पाच आठवडे रोज संध्याकाळी टेस्ट ट्यूब. पाच मिली पाणी, बाटलीतले मोजून थेंब, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. हिरवं झालं की अमोनिया आहे, पिवळं राहिलं की नाही. पोरगी त्या पाच मिनिटांत अभ्यास सोडून येऊन उभी राहायची आणि हिरवं झालं की तिला कोण आनंद, तिला वाटायचं हिरवं म्हणजे पास. एक दिवस पिवळं राहिलं, तर म्हणाली, बाबा, बिघडलं.

पाहुण्यांचा प्रश्न मात्र एकच असतो आणि तो मला भयंकर लागतो. मासे कुठे आहेत? आत दोन शंखगोगलगायी आहेत, शंखात राहणारा एक खेकडा आहे आणि दगड आहे. मासे अजून नाहीत. येतील. घाई कशाची आहे? पण लोकांना टाकी म्हटली की शेपटी हलवणारं काहीतरी लागते, नाहीतर ते टाकीऐवजी तुमच्याकडे बघतात. काका तर येईल त्याला धरून आणतात आणि म्हणतात, हे बघा, तीन महिने झाले, नुस्ता दगड पाळून राहिला.

नुस्ता दगड! रात्री सगळे झोपले की टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद लावून बघावा एकदा. लाल उजेड यातल्या बऱ्याच जणांना नीट दिसत नाही, त्यामुळे ते लपत नाहीत. भोकातून केसासारखे पाय बाहेर येतात, चाचपतात, तो छोटा ब्रिटल स्टार, तारामाशाचा चुलतभाऊ, त्याचं अंग मी अजून बघितलेलं नाही, फक्त पाय. खसखशीएवढे पांढरे किडे काचेवर टुणटुण उड्या मारतात. एका फटीतून बोटभर लांब गुलाबी ब्रिसलवर्म नावाचा केसाळ किडा येतो, दोन्ही बाजूला पांढरे केस, हात लावला तर निवडुंगासारखे रुततात (लावला आहे). आणि ऐप्टेशिया. हा काचेसारखा पारदर्शक छोटा समुद्रफूल, दिसायला गोड, पण नुसतं तण. मला आधी दिसला तेव्हा एकच होता, नखाएवढा. मी हुशारी केली, जुन्या टूथब्रशनं घासून काढला. त्याचे तुकडे पाण्यात गेले आणि प्रत्येक तुकड्याला वाटलं आपणही संसार थाटावा. आता सात आहेत. निदान मला सात दिसतात.

तर दगड. हा शब्द मला शाळेपासून चिकटलाय. भूगोलाच्या तासाला खारे वारे आणि मतलई वारे होते, प्रत्येकाला असतात. आकृती काढायची, डावीकडे निळ्या पेन्सिलनं लाटा, उजवीकडे जमीन, जमिनीवर एक नारळाचं झाड काढायचंच, आणि मग बाण. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे, ते खारे. रात्री जमीन लवकर थंड होते म्हणून जमिनीकडून समुद्राकडे, ते मतलई. पाठ होतं मला. पण वहीत बाण नेहमी उलटे यायचे. सरांनी तीनदा काढायला लावली आकृती आणि तिसऱ्यांदा म्हणाले, दगड आहेस का बे? आणि फळ्याजवळ उभं केलं. आमच्या वर्गात तेव्हा समुद्र बघितलेला एकच पोट्टा होता, त्याच्या मामाकडे मुंबईला, आणि त्याला पण वारा आठवत नव्हता, भेळ आठवत होती.

आणि नागपूरचा समुद्राशी संबंध तरी काय? समृद्धीनं ७०१ किलोमीटर, आणि तो पण भिवंडीपाशी सोडून देतो, पुढे समुद्र तुमचा तुम्ही शोधा. दुसरा संबंध झिरो माईलला. तिथल्या खांबापाशी १९०७ सालच्या सर्वेक्षणाची खूण आहे आणि समुद्रसपाटीपासूनची उंची आहे, १०२०.१७१ फूट. तीन दशांश स्थळांपर्यंत मोजलेलं नातं आहे आमचं, बाकी काही नाही. तिथेही दगडच.

पण मूळ भानगड वेगळीच आहे, उन्हाळ्याची. या टाकीला पाणी लागते २५-२६ डिग्री, फार तर २८. आणि हे गाव २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ ला गेलेलं आहे. चिलर मिळतात, पण त्या किमतीत आमच्या घरी दुसरा फ्रिज येईल आणि बायको तोच आणेल. मग गरिबाचा उपाय, टाकीचं झाकण काढून पाण्यावरून छोटा टेबल फॅन सोडायचा. पाणी उडते, उडताना उष्णता घेऊन जाते, तीन-चार डिग्री आरामात उतरते. म्हणजे परत कूलरच! मुंबईच्या दमट हवेत हे एवढं चालत नाही, आपल्या कोरड्या उन्हात झकास चालते. जुलैत इथे पण बंद पडेल, जसा कूलर पडतो, तेव्हाचं तेव्हा बघू.

आणि परवा रात्री अकराला लाईन गेली. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झालीय, तिच्यावर कूलर चालत नाही, छतावरचा पंखा घेतला तर ती पंधरा मिनिटांत पी पी करते. चालते ती एक ट्यूब आणि एक छोटा फॅन. तोच फॅन. आणि तो होता टाकीवर.

बायको अंधारातून म्हणाली, अहो, त्या दगडाला हवा अन् आम्ही घामात?

मी समजावायला गेलो की पाणी तीसच्या वर गेलं तर जिवाणू, खेकडा, वगैरे. तिनं विचारलं, खेकडा दहावा मजला चढून स्वयंपाक करते का? (आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.) पोरगी उठून बसलेली, आई वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेली. शेवटी आईच म्हणाली, फॅन राहू दे तिथंच, दिवाण ओढा इकडे.

दिवाण ओढला, आधी उंदरासाठी ओढला होता तोच. टाकीच्या एका बाजूला फॅन, मध्ये पाणी, दुसऱ्या बाजूला आम्ही चौघं रांगेत, एसटीत बसल्यासारखे. फॅनचा वारा पाण्यावरून येऊन तोंडावर लागायला लागला. गार होता, खरंच. आणि ओलसर, आणि त्याला किंचित वास होता.

मासळीबाजारासारखं वाटते, पोरगी म्हणाली. आई म्हणाली, बरा आहे की, आणि पदर मागे टाकून पडली. थोड्या वेळानं बायको पण गप्प झाली, म्हणजे झोपली असावी.

मी जागाच होतो. पाण्यात टॉर्च मारला, ब्रिटल स्टारचे दोन पाय बाहेर होते. मग डोक्यात आलं की हा वारा समुद्राकडून जमिनीकडे येऊन राहिला, म्हणजे खारा वारा झाला, पहिल्यांदा आपल्या घरात खारा वारा. खूश झालो. आणि मग लक्षात आलं, रात्रीचे साडेअकरा वाजलेत. रात्री तो इकडून तिकडे जायला पाहिजे. म्हणजे या वेळी पण बाण उलटाच.